पांढऱ्या पेशी १७,००० असूनही गळू का होतं? स्टॅफच्या विषांबद्दल सविस्तर

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या वस्तादांचा प्रश्न थोडक्यात असा: पोरं दोन वेळ मेहनत करतात, दूध-तूप-थंडाई भरपूर असते, तरी पावसाळा लागला की कुणाच्या मांडीला, कुणाच्या काखेत, कुणाच्या ढुंगणावर गळू येतंच. एका मल्लाचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १७,००० निघाल्या, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त. शरीर लढतंय असं सांगितलं गेलं. मग एवढ्या पेशी असून जंतू मरत का नाही, पू का धरतो, बरं झाल्यावर दोन महिन्यांनी परत का येतं, आणि प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं?

वस्ताद, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यावर वाया जातात. या पोरांची प्रतिकारशक्ती कमी नाही. गळू करणारा जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ, असतो. त्याला मारायचं काम ज्या पेशींचं, त्याच पेशी मारणारी अनेक विषं तो स्वतः तयार करतो. गळवातला दाट पिवळा पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. १७,००० या आकड्यावरून एवढंच कळतं की अस्थिमज्जेतून भरपूर पेशी रक्तात उतरल्या. गळवात पोचल्यावर त्यांचं काय झालं ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. ते पुवात दिसतं. धट्टीकट्टी, विशीतली पोरंही या जंतूला बळी पडतात याचं कारण इथेच आहे. म्हणून ताकदीची पावडर, रक्तशुद्धीचं टॉनिक, जस्ताच्या गोळ्या यांनी गळवं थांबत नाहीत. तांबड्या रश्श्याने किंवा आंब्याच्या उष्णतेने ती येतही नाहीत.

आता या पेशींकडे पाहू. पांढऱ्या पेशींचे पाच मुख्य प्रकार. जंतू गिळून मारायचं काम सर्वांत आधी न्यूट्रोफिल करतात. रिपोर्टमध्ये त्यांचं प्रमाण साधारण ४० ते ७० टक्के असतं; गळवाच्या वेळी ते ८०-८५ पर्यंत जातं. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवते, आणि रक्तात एक पेशी दिवसभरही टिकत नाही. जंतू कातडीखाली शिरला की तीन प्रकारचे रासायनिक इशारे सुटतात: रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या जंतुविरोधी प्रथिनांपासून सी५ए नावाचा तुकडा, कातडीच्या पेशींकडून इंटरल्यूकिन-८, आणि खुद्द जंतूकडून गळणारे फॉर्माइल पेप्टाइड. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर या प्रत्येकाला पकडणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या आधारे ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडते आणि जिथे इशारा दाट तिकडे सरकते. तिथे अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट चिकटलेला जंतू ती गिळते, पोटातल्या पिशवीत कोंडते आणि त्यावर सुपरऑक्साइड, हायपोक्लोरस आम्ल आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम सोडते. हायपोक्लोरस आम्ल म्हणजे ब्लीचिंगच्या पाण्यातला जंतू मारणारा घटकच. ही यंत्रणा चालली तर स्टॅफ मरतो. रोज बारीकसारीक खरचटण्यातून शिरणारे कित्येक जंतू असेच मरतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

गळू होतं ते ही यंत्रणा मोडली जाते तेव्हा. मोडण्याचं मुख्य काम ल्यूकोसिडिन गटातली विषं करतात.

पांढऱ्या पेशी मारणारा एक पदार्थ स्टॅफ सोडतो हे बेल्जियमच्या व्हान द वेल्डे यांनी १८९४ मध्ये दाखवलं. १९३२ मध्ये पँटन आणि व्हॅलेंटाइन या इंग्रज संशोधकांनी तो तांबड्या पेशी फोडणाऱ्या विषापासून वेगळा ओळखला. म्हणून आजही त्याला पँटन-व्हॅलेंटाइन ल्यूकोसिडिन म्हणतात. लॅबच्या भाषेत पीव्हीएल. हे विष दोन तुकड्यांचं असतं, एस आणि एफ. जंतू हे दोन्ही वेगवेगळे बाहेर सोडतो आणि सुटे असताना दोन्ही निरुपद्रवी असतात. एस तुकडा न्यूट्रोफिलवरच्या ठरावीक रिसेप्टरला चिकटतो, मग एफ त्याच्याशेजारी बसतो, आणि चार एस, चार एफ असे आठ तुकडे आलटूनपालटून वर्तुळात जुळले की त्यांची नळी तयार होऊन पेशीच्या आवरणात आरपार घुसते. आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आणि पाणी आत शिरतं. विष थोडं असेल तर पेशी बिथरते आणि दाह वाढवणारी द्रव्यं सोडते. जास्त असेल तर काही मिनिटांत फुगून फुटते. फुटताना तिची एन्झाइम आसपासच्या मांसात सांडतात आणि ते मांसही विरघळू लागतं. गळवाच्या मध्यभागी जी काळपट मेलेली कातडी दिसते, जिला पुष्कळ लोक कोळी चावला समजतात, ती अनेकदा अशी तयार होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की पीव्हीएलचा एस तुकडा चिकटतो तो रिसेप्टर म्हणजे सी५ए ओळखणारा रिसेप्टर. ज्याच्या आधाराने पेशी जंतूपर्यंत पोचली, त्यालाच विष धरतं. समोरच्याने घातलेली पकडच धरून त्याला चीतपट करावं, तसा हा डाव आहे. बाकीची विषंही याच पद्धतीची. गॅमा-हीमोलायसिन जवळजवळ सगळ्या स्टॅफकडे असतं. त्याची एक जोडी सी५ए रिसेप्टरला धरते, दुसरी इंटरल्यूकिन-८ ओळखणाऱ्या सीएक्ससीआर१ आणि सीएक्ससीआर२ ला. ल्यूक-ईडी हे विषही याच दोघांना धरतं, शिवाय टी-पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी) यांच्यावरच्या सीसीआर५ ला. एचआयव्ही विषाणू पेशीत शिरताना ज्याचा आधार घेतो तो हाच सीसीआर५, आणि हे साम्य २०१३ मध्ये उघड झालं. पेशीने हे रिसेप्टर काढून टाकले तर विष चिकटणार नाही, पण मग तिला जंतू कुठे आहे तेही कळणार नाही. थंडाई-बदामाने शरीर तगडं होतं, पण पेशीची ही अडचण त्याने सुटत नाही.

पाचवं विष ल्यूक-एबी जरा निराळं आहे. ते सीडी११बी या प्रथिनाला धरतं, जे न्यूट्रोफिल जंतू गिळण्यासाठी वापरते. बाकीची विषं बाहेरून मारतात. हे जंतू गिळला गेल्यावर आतूनही काम करतं. पेशी जंतू पोटात घेते, जंतू आत विष सोडतो, पेशी फुटते आणि जंतू जिवंत बाहेर येतो. काही वेळा पेशी लगेच फुटत नाही. आत जिवंत स्टॅफ घेऊन ती रक्तातून दुसरीकडे जाते. कातडीवरचं किरकोळ गळू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हाडात किंवा मणक्यात पू सापडतो, त्यामागे हाही एक मार्ग असावा असं मानलं जातं.

ही विषं प्राण्या-प्राण्यांत फार वेगळी वागतात. पीव्हीएल माणसाच्या आणि सशाच्या न्यूट्रोफिल मारतं, उंदराच्या जवळपास नाही, कारण उंदराच्या रिसेप्टरची घडण वेगळी आहे. पीव्हीएल खरंच घातक आहे की नाही यावर संशोधकांत बरीच वर्षं वाद झाला. त्याचं एक मोठं कारण म्हणजे कित्येक प्रयोग उंदरांवर झाले होते. स्टॅफवरच्या लशी उंदरात चालतात आणि माणसात पडतात, त्यामागेही हे एक कारण आहे. आजवर माणसांत मोठ्या चाचणीपर्यंत गेलेली एकही लस यशस्वी झालेली नाही. गळवावरची लस म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका.

आपल्याकडे घरोघरी जनावरं आहेत म्हणून इथे एक जोड देतो. गायीच्या कासदाहात, ज्याला गावाकडे दगडी म्हणतात, स्टॅफ हे मोठं कारण. गायींत राहणाऱ्या स्टॅफच्या कित्येक वाणांकडे ल्यूक-एमएफ नावाचं वेगळं ल्यूकोसिडिन असतं. ते गायीच्या न्यूट्रोफिलवरच्या सीसीआर१ ला धरतं. दूध संघ दुधातल्या सोमॅटिक पेशी मोजतात, त्या कासदाहात मुख्यतः न्यूट्रोफिलच असतात. मिलीलीटरला २ लाखांच्या वर आकडा गेला की सड वरून ठीक दिसला तरी आत संसर्ग असण्याची दाट शक्यता. पेशी वाढलेल्या आणि जंतू तिथेच, हे चित्र गोठ्यातही तेच आहे.

अल्फा-टॉक्सिनबद्दल थोडक्यात. यात एकाच प्रकारचे सात तुकडे जुळून छिद्र करतात आणि एडीएएम१० या प्रथिनाचा आधार घेतात. माणसाच्या न्यूट्रोफिल त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. ते कातडीच्या, फुप्फुसाच्या पेशी, प्लेटलेट आणि मोनोसाइट यांचं नुकसान करतं. म्हणजे आजूबाजूचं मांस मोडायचं काम याचं.

पीएसएम नावाच्या पेप्टाइडांवर मात्र थांबायला हवं. ही अगदी लहान, अल्फा गटातली तर २० ते २५ अमिनो आम्लांची. त्यांना रिसेप्टरची गरज नसते. साबणासारखी ती पेशीच्या आवरणात घुसून ते विस्कटतात. रक्तद्रवातली लिपोप्रोटीन, म्हणजे चरबी वाहून नेणारे कण, त्यांना बांधून निकामी करतात, त्यामुळे उघड्या रक्तात त्यांचा जोर कमी पडतो. पण न्यूट्रोफिलच्या पोटातल्या बंद पिशवीत लिपोप्रोटीन नसतात. तिथे ती साचतात आणि पिशवी फोडतात. धडधाकट लोकांत, रुग्णालयाबाहेर पसरणारे एमआरएसएचे (पेनिसिलिन गटातल्या नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफचे) जे वाण आहेत, ते ही पेप्टाइडं जास्त बनवतात.

एवढी विषं जंतू सतत का सोडत नाही? कारण त्याला आपली संख्या कळते. प्रत्येक स्टॅफ एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडतो. जंतू थोडे आणि विखुरलेले असतील तर ते वाहून जातं. जागा बंद आणि जंतू दाट झाले की ते साचतं आणि एजीआर नावाची जनुकव्यवस्था चालू होते. तोवर जंतू चिकटून राहण्याची प्रथिनं बनवत असतो; त्यानंतर ती कमी करून विषांकडे वळतो. म्हणून बहुतेक वेळा दोन-तीन दिवस साधी पुळी वाटणारी जागा एका रात्रीत लाल, गरम, ठणकणारी होते. न्यूट्रोफिलची पिशवी हीसुद्धा बंद जागाच, त्यामुळे आत कोंडलेल्या मोजक्या जंतूंतही हीच व्यवस्था चालू होऊ शकते.

विष नसलेल्या पण त्याच कामाला येणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. प्रोटीन-ए अँटिबॉडीला उलट्या बाजूने धरतं, त्यामुळे पेशीला ती ओळखता येत नाही. स्किन नावाचं प्रथिन कॉम्प्लिमेंटची साखळी अडवतं. कोॲग्युलेज रक्तातल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवून जंतूंच्या पुंजक्याभोवती आवरण उभं करतं. ज्या सोनेरी रंगामुळे त्याला ऑरियस म्हणतात, तो रंग सुपरऑक्साइडसारख्या द्रव्यांपासून त्याचा बचाव करतो. आणि मरताना न्यूट्रोफिल आपल्या डीएनएचं जे चिकट जाळं फेकते, ते स्टॅफ न्यूक्लिएजने कापतो आणि त्या तुकड्यांपासून डीऑक्सिॲडिनोसिन बनवतो. त्याने साफसफाईला येणारे मॅक्रोफेजही मरतात. म्हणून मुरलेल्या गळवाच्या मध्यभागी मॅक्रोफेज क्वचितच सापडतात.

आता उपचार, कारण वरचं सगळं इथे कामाला येतं.

गळवात पू धरला, म्हणजे बोटाने दाबल्यावर मधे मऊ आणि हलतं लागलं, की त्याचा निचरा हाच मुख्य उपचार. नुसत्या गोळ्यांवर ते लांबवू नये. फायब्रिनच्या आवरणातून औषध आत पुरेसं पोचत नाही. आत प्राणवायू कमी, आम्लता जास्त, आणि बरेच जंतू वाढायचं थांबलेले असतात. वाढणाऱ्या जंतूवर चालणारी औषधं त्यांच्यावर लागू पडत नाहीत. कोट्रायमॉक्साझोलची तर खास अडचण आहे. हे औषध जंतूची थायमिडिन (डीएनएला लागणारा घटक) बनवायची वाट बंद करतं, पण पुवात मेलेल्या पेशींच्या डीएनएमधून सुटलेलं थायमिडिन आयतंच असतं. निचरा केल्यावर तेच औषध चांगलं चालतं. अमेरिकेत ५ सेंटीमीटरपर्यंतच्या गळवांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांचा निचरा केला होता. सोबत क्लिंडामायसिन दिलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के, कोट्रायमॉक्साझोल दिलेल्यांपैकी ८२ टक्के आणि नकली गोळी दिलेल्यांपैकी ६९ टक्के बरे झाले. म्हणजे मोठा भार निचऱ्यानेच उचलला, औषधाने त्यात भर घातली.

चिरा देणं हे सर्जनचं काम. जागा बधिर करून, गळवाच्या सगळ्यात मऊ भागावर, आतला पू पूर्ण निघेल इतका लांब छेद घ्यावा लागतो. आत पडदे असतात. ते मोडले नाहीत तर एक कप्पा रिकामा होतो आणि दुसरा तसाच राहतो. मग सलाइनने धुऊन रोज ड्रेसिंग. छोट्या गळवात गॉज ठासून भरायची गरज सहसा नसते. २४ ते ४८ तासांत ठणका निम्म्यावर यायला हवा. आला नाही तर औषध बदलण्याआधी आत पू राहिला आहे का ते पाहायला सांगा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

सुईने टोचणं, दाबून पू काढणं हे तालमीत सर्रास चालतं. ते थांबवा. दाबल्याने आतलं फायब्रिनचं आवरण फुटून जंतू आणि विष आजूबाजूच्या मांसात, रक्तात जातं. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं गळू तर अजिबात दाबू नये. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी आहे. अजून पू न धरलेल्या लहान पुळीला स्वच्छ फडकं गरम पाण्यात पिळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेकलं तरी पुरे. ते फडकं इतर कपड्यांत टाकू नका.

निचरा होतोय तर पू तपासायला पाठवा, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी पाठवा. कापसाच्या काडीने वरून पुसलेला नमुना कातडीवरचे भलतेच जंतू दाखवतो. सिरिंजमध्ये ओढलेला मिलीभर पू, सुई काढून, टोपण लावून, दोन तासांच्या आत लॅबला. ग्रॅम तपासणीत जांभळ्या गोल जंतूंचे घोस त्याच दिवशी दिसतात. औषधांचा रिपोर्ट साधारण दोन दिवसांत. त्यात दोन ओळी आधी वाचा. पहिली सेफॉक्सिटिनची: ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती २१ मिलिमीटर किंवा कमी जागा मोकळी असेल तर तो एमआरएसए. मग अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, सेफिक्झिम, सेफॅलेक्सिन यांचा उपयोग नाही, रिपोर्टवर त्यापैकी एखाद्यापुढे एस, म्हणजे ‘औषध लागू पडतं’, असं छापलेलं असलं तरी. दुसरी डी-टेस्टची. एरिथ्रोमायसिनच्या बाजूला क्लिंडामायसिनचं वर्तुळ चपटं होऊन इंग्रजी डी सारखं दिसलं, तर क्लिंडामायसिन वरवर चालतं पण उपचार चालू असताना निकामी होऊ शकतं.

क्लिंडामायसिनवर एवढा भर देण्याचं कारण विषांशीच जोडलेलं आहे. क्लिंडामायसिन आणि लिनेझोलिड जंतूची प्रथिनं बनवायची यंत्रणा अडवतात, आणि विषं ही प्रथिनंच आहेत. म्हणून गंभीर संसर्गात मुख्य औषधासोबत यापैकी एक जोडतात. उलट, प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की पेनिसिलिन गटातली औषधं जंतू मारायला अपुऱ्या मात्रेत असतील तर काही वाण विष जास्त बनवतात. दुकानातून चार गोळ्या घेऊन दोन दिवसांत सोडून देण्याचा धोका यात आहे. क्लिंडामायसिनने तीव्र जुलाब होऊ शकतात, लिनेझोलिडने लांबल्यास रक्तपेशी कमी होतात. दोन्ही मनाने घ्यायची नव्हेत.

तालमीतली आणखी एक चूक म्हणजे गजकर्णावर लावायचं ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम. त्यात बहुधा कडक स्टेरॉइड असतं. त्याने खाज थांबते, पण त्या जागी न्यूट्रोफिल येणं मंदावतं आणि कातडी पातळ होते. मांडीच्या सांध्यातलं गजकर्ण आणि तिथेच गळू ही जोडी दिसली की आधी मलमाच्या ट्यूबवरची नावं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असेल तर बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

परत का येतं याची दोन उत्तरं आहेत आणि कोणतं लागू हे जागेवरून कळतं. दरवेळी तिथेच येत असेल तर आत काहीतरी राहिलेलं असतं: माकडहाडावर केसांचं पायलोनिडल सायनस, गुदाजवळ भगंदर, काखेत घामग्रंथींचा जुनाट विकार. ते सर्जनला दाखवावं लागतं, गोळ्यांनी जात नाही. गळू गरम नाही, लाल नाही, दुखतही नाही आणि आठवडे तसंच आहे, तर क्षयाची तपासणी करावी. वेगवेगळ्या जागी येत असेल तर जंतू अंगावरच वस्तीला आहे. साधारण दर दहा माणसांतल्या तिघांच्या नाकात स्टॅफ असतो आणि त्यांना त्रास काहीच नसतो. एकदा गळू झालं म्हणून पक्की प्रतिकारशक्ती मिळत नाही. विषांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, पण त्या पुढचं गळू थांबवायला पुरत नाहीत.

अशा पोरांसाठी नाकात २ टक्के म्युपिरोसिन मलम, दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून दोनदा, ५ दिवस. त्याच दिवसांत ४ टक्के क्लोरहेक्सिडिनने रोज आंघोळ, डोळे आणि कान टाळून. त्याच ५ दिवसांत टॉवेल, लंगोट, उशीचा अभ्रा रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचा. एकट्याने केलं आणि खोलीतल्या बाकीच्यांनी केलं नाही तर जंतू परत येतो. गळू चालू असताना हे करून फायदा नाही. ते आधी भरू द्या. अख्ख्या तालमीला सरसकट म्युपिरोसिनही देऊ नका, त्यालाही दाद न देणारे स्टॅफ लवकर तयार होतात.

आखाड्याचे नियम कडक हवेत. लंगोट, टॉवेल, वस्तरा, साबणाची वडी ज्याची त्याने. अंगाचे केस वस्तऱ्याने काढल्यावर त्याच दिवशी मातीत उतरू नये. कुस्ती झाल्यावर माती अंगावर वाळू न देता साबणाने आंघोळ. मॅट रोज पुसा: १ लिटर पाण्यात ५ टक्के ब्लीचचे १० मिली, १० मिनिटं ओलं राहू द्या, आधी घाम-धूळ साबणाच्या पाण्याने काढून. लाल मातीत हे करता येत नाही, म्हणून गळू असलेल्याला तिथे उतरू न देणं एवढंच हातात राहतं. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा नियम वापरण्यासारखा आहे: ७२ तास अँटिबायोटिक झालेलं, ४८ तासांत नवी पुळी नाही, आणि कोणतीही जखम ओली नाही, तरच परवानगी. वाहणारं गळू पट्टीखाली झाकून खेळू देत नाहीत. मैदान चार दिवसांवर आलं असलं तरी हा नियम मोडू नका. ओल्या गळवातून समोरच्या पोराला तोच विषारी वाण मिळतो.

वारंवार गळवं येणाऱ्या प्रत्येकाची रक्तातली साखर आणि एचबीए१सी एकदा तपासा. साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिलची जंतू मारायची ताकद खरंच घटते. लहानपणापासून गळवं, यकृतात पू, वारंवार न्यूमोनिया असा इतिहास असेल तर डीएचआर नावाची तपासणी करतात. त्यात न्यूट्रोफिल सुपरऑक्साइड बनवते की नाही ते कळतं. ते न बनण्याचा विकार विरळा आहे, तालमीतल्या तगड्या पोरात शोधत बसायची गरज नाही.

आता कधी घाई करायची ते. मांडी किंवा पोटरी खोलवर दुखते, ताप आहे, वरून कातडी जवळपास ठीक दिसते आणि सगळे मुका मार समजतात: स्नायूच्या आत पू असू शकतो, सोनोग्राफी त्याच दिवशी करा. लाली तासातासाला पसरते, दिसतं त्यापेक्षा ठणका फार जास्त आहे, किंवा अंगभर लाली येऊन रक्तदाब खाली गेला आहे, तर वाट पाहायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्लूसारखा ताप, मग एक-दोन दिवसांत धाप आणि थुंकीत रक्त. पीव्हीएलवाला स्टॅफ फुप्फुसात उतरला की असं होतं. हे तरुण, निरोगी माणसांत होतं आणि काही दिवसांत जीव घेऊ शकतं. अशा रुग्णाचा रिपोर्ट पाहताना १७,००० ने घाबरू नका. आकडा ३,००० च्या खाली असेल तर तो जास्त घातक, कारण पेशी बनतात त्याहून वेगाने संपत आहेत असा त्याचा अर्थ असू शकतो. त्याला थेट सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या, घरात किंवा तालमीत कुणाला गळवं होती ते दारातच सांगा, आणि आधीच्या पुवाचा कल्चर रिपोर्ट असेल तर हातात ठेवा.